आठव्या सेकंदाच्या पुढे

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात शिरताना सगळ्यात आधी फोन ठेवावा लागे. दारालगत भिंतीवर खुराड्यासारखे कप्पे ठोकलेले होते आणि प्रत्येक कप्प्यावर नंबर होता. हा नियम काही साहेबांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. चार वर्षांपूर्वी शिवणकाकूंचा फोन एप्रनच्या खिशातून घसरून उशांच्या अभ्र्यांबरोबर मशीनमध्ये गेला. कडकडीत पाण्यात पाऊण तास धुतला गेला, पिळला गेला, वाळवला गेला आणि घडीच्या टेबलावर आला तेव्हा पावासारखा टम्म फुगला होता. "स्वच्छ तरी झाला," एवढंच काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून फोन कप्प्यात.

त्यामुळे आत आल्यावर व्हिडिओ बघायची सोय नव्हती. सांगायची मात्र होती.

घडीच्या खोलीत चौघी असत. खिडकीपाशी शिवणकाकू फाटक्या चादरींना ठिगळं लावत. त्यांच्या ओठांत कायम टाचण्या, आणि बोलणंही तसंच, टोचणारं. मुकादमबाई आधी घडीलाच होत्या. चांगल्या उंच, त्यामुळे त्यांच्या हातून चादरीचं टोक कधी जमिनीला लागलं नाही म्हणतात. मुकादम झाल्यावर त्यांना काचेची केबिन मिळाली, पण चहाला त्या इथेच यायच्या. लांब टेबलाच्या एका बाजूला थेटरमावशी आणि दुसऱ्या बाजूला नवी. या दोघींची जोडी. दवाखान्यांच्या मोठाल्या चादरी एकटीच्या आवाक्यातल्या नव्हत्या. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, दुमडायची आणि एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दिवसाला तीनशे चादरी म्हटलं तरी दोघी सहाशे वेळा समोरासमोर येत.

नवी नवी राहिली नव्हती खरं तर. दोन वर्षं झाली होती. पण तिच्यामागून कुणी आलंच नाही, म्हणून नाव तेच चिकटलं. मध्ये ती बाळंत झाली, परत आली, पोर दहा महिन्यांची झाली, तरी नवीच.

संध्याकाळी घरी गेल्यावर चौघींचा एक ग्रुप चाले. त्याचं नाव 'चार टोकं'. त्यात कुणी कुत्र्याचा व्हिडिओ टाकी, कुणी घसरून पडणाऱ्या माणसाचा. काकू हसणारी तोंडं ओळीने अकरा पाठवायच्या, बोट उचलायला विसरायच्या म्हणून. आणि थेटरमावशीचं उत्तर ठरलेलं: 'उद्या सांगते.'

मग दुसऱ्या दिवशी अकराचा भोंगा झाला, चहाची किटली आली, की मावशी टेबलाच्या कडेला टेकायची.

"एक दवाखाना," ती म्हणायची. "माणसांचा हं, जनावरांचा नाही. मधोमध वजनकाटा. आणि काट्यावर मांजर बसलेलं. असं."

असं म्हणून ती दोन्ही हात पोटाखाली दुमडून हनुवटी मागे ओढायची, आणि साठीकडे झुकलेली, डोक्याला फडकं बांधलेली ती बाई पुसली जाऊन तिथे नुसतं मांजर उरायचं.

"डॉक्टर येतो. उचलून खाली ठेवतो. पाठ वळली की हे परत काट्यावर. शेवटी डॉक्टर खुर्ची ओढतो. म्हणतो, बसलातच आहात तर केसपेपर काढू. नाव? मांजर गप्प. डॉक्टर लिहितो, नाव सांगत नाहीत. तक्रार काय? मांजर काट्याकडे बघतं. डॉक्टर आकडा वाचतो आणि म्हणतो, वजन वाढलंय तुमचं. तसं मांजरानं असं तोंड फिरवलं, आपल्या बाई फिरवतात ना, अगदी तसं."

"मी कधी फिरवलं?" मुकादमबाई तोंड फिरवून म्हणायच्या.

"मग डॉक्टर रांगेतल्या एका बाईला विचारतो, तुम्ही यांच्या नात्यातल्या का? ती म्हणते, छे हो, मी गुडघ्यासाठी आलेय. मांजर वाकून तिचा गुडघा बघतं. नीट बघतं. आणि मान हलवतं, अशी, की बाई, उशीर केलात."

काकूंच्या ओठांतली टाचणी चहात पडायची ती इथे.

तो मांजराचा व्हिडिओ नवीनेच पाठवलेला होता. अकरा सेकंदांचा. डॉक्टर मांजर उचलतो, ते परत येऊन बसतं, संपला. पण आपणच पाठवलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी मावशीच्या तोंडून ऐकायचा, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मावशी तिखटमीठ लावते आणि मुद्दाम लावते, असं नवी धरून चालली होती. तिला फक्त कोडं पडे की बाई हे कुठून आणते. मांजराच्या मानेच्या त्या हलवण्यात आयुष्यभर रांगांत बसलेल्या माणसाचं शहाणपण होतं, आणि ते दाखवायला मावशीला लागायचा एक श्वास.

पोर पाच महिन्यांची असताना नवी कामावर परतली, तेव्हाची गोष्ट तर ती कुणाला सांगतही नसे. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तिचा झगा पुढून दुधाने भिजला. ती टॉवेलच्या कोठारात जाऊन रडत उभी राहिली. मावशी आत आली. काय झालं वगैरे काही विचारलं नाही. एक कोरडा टॉवेल घडी करून तिच्या हातात दिला आणि गेली. अकरा वाजता तिने पेंग्विनचा व्हिडिओ सांगितला. पेंग्विन बाई कामाला निघालीय, अंडं नवऱ्याच्या पायांवर ठेवलंय. चार पावलं जाते, परत येते. नीट धरलंय ना? धरलंय. पुन्हा चार पावलं. ऊब लागतेय ना? लागतेय गं बाई, जा. आठ पावलं गेल्यावर नवराच हाक मारतो, अगं, तुझी आठवण येतेय त्याला. कुणाला? अंड्याला. नवी त्या दिवशी इतकी हसली की त्यात थोडं रडून घेतलं तरी कुणाला कळलं नाही. मावशीला सोडून.

या बाईसाठी आपण काहीतरी करावं, हे तेव्हापासून नवीच्या मनात होतं. आणि करायला जागा सापडली ती मावशीच्याच बोलण्यातून. "आमच्याकडे रेंज येते ती घाईच्या पाहुण्यासारखी," मावशी म्हणाली होती, "उंबऱ्यातूनच परत."

नवीचा नवरा इंटरनेटच्या तारा जोडायच्या कामावर होता. घरी वायफायची एक जुनी डबी पडून होती. मावशीच्या वरच्या मजल्यावर तार आलेलीच होती. वरच्या बाईंनी हो म्हटलं, आणि एका रविवारी त्याने खिडकीच्या कोपऱ्यातून तार खाली ओढून डबी फळीवर बसवली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मावशीने त्याला दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा विचारलं. घरी येऊन तो म्हणाला, "मावशी खूश. आता एकही व्हिडिओ अडकणार नाही."

सोमवारी अकराला सगळ्याजणी टेबलाशी जमल्या. काकूंनी आदल्या दिवशी पोपटाचा व्हिडिओ टाकला होता.

"एक पोपट," मावशी म्हणाली. "पंख्यावर बसतो. कुणीतरी बटण दाबतं. पोपट गोल फिरतो. पडतो."

तिघी थांबल्या.

"मग?" मुकादमबाई म्हणाल्या.

"मग काही नाही. पडला. उठला. संपलं."

आणि तिने चहाचा पेला उचलला. पहिल्या दिवशी वाटलं, कणकण असेल. दुसऱ्या दिवशी बेडूक होता. बेडूक उडी मारतो, उडी चुकते, संपलं. चौथ्या दिवशी तर "तुम्ही बघितलाच असेल की" म्हणून तिने सुरूच केलं नाही. चहाची वीस मिनिटं इतकी लांब असतात हे चौघींना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"तुझ्या नवऱ्याने तार जोडली आणि आमचं थेटर बंद पाडलं," काकू नवीला म्हणाल्या. टाचणी मारायची म्हणून म्हणाल्या, पण ती जिथे बसायची तिथे बसली.

पुढच्या बुधवारी मुकादमबाईंनी नवीला केबिनमध्ये बोलावलं आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. मावशीचं अक्षर. मला सोमवारपासून धुण्याच्या बाजूला द्यावं, विनंती.

धुण्याची बाजू म्हणजे भिंतीपलीकडची. तिथे आठ मशीन एकदम चालत. शेजारच्या माणसाला बोलवायचं तर खांद्यावर थाप मारावी लागे. तिथे लोक वर्षानुवर्षं शेजारी उभे राहून एकमेकांचे आवाज ओळखत नसत.

"का म्हणून विचारलं, तर म्हणते बोलायचा कंटाळा आलाय," मुकादमबाई म्हणाल्या. "तिला बोलायचा कंटाळा. माझा विश्वास बसेना. सही सोमवारी करते म्हटलंय. तोवर तू बघ काही जमतंय का. तुझी जोडीदार आहे."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर नवी घरी गेली, छोटीला कडेवर घेतलं आणि तशीच मावशीकडे गेली. तीन मजली घराच्या मागच्या अंगाला तळाची खोली. ऊन अजून खिडकीत होतं. खिडकी उंच, तिच्या कठड्यावर स्टीलचा एक पेला उपडा पडलेला. फळीवर डबी, आणि डबीवर मावशीने चक्क विणलेला रुमाल घातलेला, पाहुणी आल्यासारखा.

"बस," मावशी म्हणाली. "तिला इकडे दे."

छोटी मावशीच्या मांडीवर बसली आणि हिरव्या दिव्याकडे टक लावून बघायला लागली. नवीने आडवळणं घेतली नाहीत.

"मावशी, काय झालंय?"

मावशीने तो पेला उचलला आणि पदराने उगाच पुसला.

"यात फोन उभा ठेवायचे मी, खिडकीत," ती म्हणाली. "तेवढ्याच जागी रेंज यायची. व्हिडिओ लावला की सात-आठ सेकंद चालायचा, आणि मग ते चक्र. गोल गोल गोल. मी आपली भांडी घासायला घ्यायची. भांडी व्हायची, ओटा पुसून व्हायचा, चक्र फिरतंच. मग मनाशी म्हणायची, पुढे असं झालं असेल. मग तो असं म्हणाला असेल. ते मांजर, काट्यावर बसलेलं मी बघितलं, डॉक्टर येताना बघितला. आणि चक्र. उरलेलं भांड्यांबरोबर झालं."

म्हणजे तिखटमीठ नव्हतंच. आख्खा स्वयंपाकच मावशीचा होता.

"मला वाटायचं, तुम्ही पुरता बघितलाय. माझं थोडंफार इकडेतिकडे होत असेल, पण साधारण तसंच असणार. नाहीतर व्हिडिओ काढतील कशाला? तार जोडल्यावर मी हौसेनं सगळे जुने परत लावले. एकामागून एक. केसपेपर नाही. गुडघ्याची बाई नाही. पेंग्विन नुसता चालतो गं. एकटाच. अंडंबिंडं काही नाही." तिने पेला खाली ठेवला. "एकातही नाही. इतकी वर्षं तुम्ही तिघी बघून यायच्यात, आणि मी तुमच्यासमोर हातवारे करून भलतंच सांगतेय. म्हातारीचं मन राखायला हसत होतात. आता तोंड उघडायला गेलं की तेच आठवतं."

"असं नाहीये, मावशी," नवी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की मन राखणारी माणसंही हेच म्हणतात. मावशीही तेच ऐकत होती. ती नुसती हसली.

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. छोटी मात्र दिव्याकडे बोट दाखवून हुंकार देत होती. तिला उत्तर हवं होतं.

"तो होय?" मावशी तिच्या कानाशी म्हणाली. "तो दिवसभर डोळे मिचकावतो. परवा मी विचारलं, कुणाला रे? तर म्हणतो, समोरच्या कपाटाला. मी म्हटलं, अरे, ते कपाट बघ, तुझ्या आजीच्या वयाचं. तर म्हणतो, म्हणून तर लांबून..."

छोटी तिच्या तोंडाकडे बघत होती, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. आणि मावशी एकदम थांबली. दुधाचं भांडं उतू जाताना सापडावं तशी. "चल, ऊन जाईल, घरी ने तिला," ती म्हणाली.

घरी जाताना नवीची पावलं भराभर पडत होती. आटलेलं काही नव्हतं. दिव्याची गोष्ट मावशीला सुचली, कारण त्या दिव्याचं पुढे काय होतं हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तार तोडून उपयोग नव्हता. मावशीने पुढचं बघितलं हे दुखणं नव्हतंच. बाकीच्या तिघींनी बघितलंय, हे दुखणं होतं.

शुक्रवारी मावशी धुण्याची बाजू बघून यायला गेली, तेवढ्या वेळात नवीने दोघींना सगळं सांगितलं. काकूंनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. हे त्या फक्त जेवताना करत.

"मन राखायला," त्या म्हणाल्या. "मी. मी आयुष्यात कुणाचं मन राखलंय का कधी?"

"नाही," मुकादमबाई आणि नवी एकदमच म्हणाल्या.

"मी घरी यांना दाखवलं होतं ते मांजर," मुकादमबाई म्हणाल्या. "मी आपली हसून बेजार. हे म्हणाले, यात हसण्यासारखं आहे काय? मी परत बघितलं. खरंच काही नव्हतं. मी मावशीला आठवून हसत होते. हे तिला सांगायला हवं होतं तेव्हाच."

"आता सांगितलं तर ती ऐकायची नाही," नवी म्हणाली. "आता करूनच दाखवायला हवं." आणि तिने काय करायचं ते सांगितलं. कुठलाही व्हिडिओ आला की आठव्या सेकंदाला थांबवायचा. पुढे बघायचा नाही. कापायचा आणि तेवढाच ग्रुपवर टाकायचा. पुढचं चौघींपैकी कुणालाच ठाऊक नसलं पाहिजे.

"बघायचाच नाही?" मुकादमबाईंचा चेहरा पडला. "मला राहवत नाही हो. कुणी पडणार असं दिसलं की मला बघावंच लागतं."

"राहवून घ्या," काकू म्हणाल्या. "कापायचं काम मला नवं नाही."

त्या संध्याकाळी ग्रुपवर तीन व्हिडिओ आले. नवीचा बदकांचा, बदकं रस्ता ओलांडायला उभी असतानाच तुटलेला. मुकादमबाईंचा एक शिडीवरचा रंगारी, बादली कलंडायच्या बेतात, आणि बस्स. काकूंना फोनवर कापायला जमलं नाही. त्यांनी मुलाच्या फोनवर व्हिडिओ लावला, तो आपल्या फोनने टिपला आणि मनातल्या मनात आठ आकडे मोजून थांबवला. त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठा होता. उरलेल्या निम्म्यात एक माकड चष्मा उचलत होतं.

मावशीचं उत्तर आलं: 'सगळ्यांचे अर्धेच आले. तुझ्या नवऱ्याला सांग तार तुटली.'

नवऱ्याने ते वाचून हातातलं ताट बाजूला ठेवलं. "तार ठणठणीत आहे," तो दुखावून म्हणाला. "मी स्वतः जोडलीय."

शनिवारी सकाळी पावणेआठला दाराशी रांग होती. नवी कप्प्यापाशी पोचली आणि फोन थरथरला. सासूबाईंचा व्हिडिओ. खाली लिहिलं होतं: 'बघ तुझी लेक.'

नवीने लावला. घरातली खोली, सकाळचं ऊन. छोटी लाकडी स्टुलाला धरून उभी. स्टुलावर बिस्किटांचा रिकामा डबा. छोटी एक हात सोडते. वर बघते, फोनकडे. डबा हलतो. मग ती दुसरा हातही सोडते.

मागे मावशी उभी होती. नवीच्या खांद्यावरून तिची मान पुढे आली होती. या दहा महिन्यांत छोटीने हात सोडले नव्हते. कधीच. नवीचं बोट काचेवर टेकलं आणि चित्र थांबलं. छोटीचे दोन्ही हात हवेत.

"अगं, पुढे बघ ना," मावशी म्हणाली.

"अकरा वाजता," नवी म्हणाली. तिने फोन कप्प्यात ठेवला.

"तुझी पोर आहे ती."

"माझीच आहे. अकरा वाजता तू सांग, पुढे काय झालं ते."

पहिली चादर ताणून, दुमडून दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा टोक देता देता मावशीने विचारलं, "तू आधी बघितलायस. हो ना?"

"नाही."

मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या.

"पडली असेल का?"

"मला काय माहीत."

पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"आणि ते बदकांचं?"

"नाही बघितलं. कुणीच नाही. काकूंनी पण नाही. बाईंनी त्यांचा रंगारी डोळ्यांवर हात ठेवून थांबवला म्हणे."

मावशीच्या हातातलं टोक क्षणभर तसंच राहिलं. मग तिने ते नवीच्या टोकाला जोडलं, कडेला कड. सकाळभर अशा दीडशे चादरी झाल्या. नवीच्या डोळ्यांसमोर सतत छोटी दोन्ही हात सोडून उभी होती. धावत जाऊन कप्पा उघडावा असं तिला पन्नासदा वाटलं. दर खेपेला समोरून मावशी चालत यायची, आणि दर खेपेला नवीला दिसत होतं की मावशी तिच्याकडे बघत नाहीये. ती चादरीच्या पलीकडे कुठल्यातरी स्टुलाकडे बघतेय.

अकराचा भोंगा झाला. किटली आली. काकूंनी टाचण्या डबीत ठेवल्या. मुकादमबाई आल्या, त्यांच्या एप्रनच्या खिशातून चिठ्ठीचा कोपरा डोकावत होता.

"छोटी स्टुलापाशी उभी होती," नवी म्हणाली. "एक हात सोडला. मग दुसरा सोडला. पुढचं मला ठाऊक नाही."

मावशीने तिघींकडे आळीपाळीने बघितलं, कुणाच्या चेहऱ्यावर उत्तर लपलंय का ते शोधत. मुकादमबाईंची तर नखं तोंडात गेली होती. खोटं बोलणाऱ्या माणसाची नखं अशी जात नाहीत.

मावशी टेबलाच्या कडेला टेकली.

"ती उभी आहे," ती हळूच म्हणाली. दोन्ही हात तिने अंगापासून जरा लांब धरले, आणि साठीची बाई दहा महिन्यांची झाली. गुडघे थोडे वाकलेले, पोट पुढे. "आता तिला कळतं की आपण उभ्या आहोत. आधी कळलं नव्हतं. ती आजीकडे बघते. आजीच्या हातात फोन. म्हणजे आजीचे हात रिकामे नाहीत. म्हणजे हिला धरणार कोण? मग ती स्टुलाकडे बघते. स्टूल म्हणतं, बाई गं, मला चार पाय आहेत, तरी मी कधी कुठे गेलो नाही. तू दोघांवर निघालीस कुठे?"

काकूंच्या नाकातून आवाज आला.

"तिला ते पटतं. पण आता एकदा सोडलंय, तर परत धरायचं कसं, चारचौघांत? तेवढ्यात तिला दिसतं की जमिनीवर एक मुंगी चाललीय. वा. ती अशी वाकते, म्हणजे काय, मी पडत नाहीये, मुंगीकडे माझं काम आहे. वाकते, वाकते, आणि मानाने बसते. आणि आजीकडे बघते. बसले हं मी. पडले नाही. फोनमध्ये तसं सांगा."

मुकादमबाई पोट धरून टेबलावर ओणव्या झाल्या. त्यांचा पेला कलंडला.

"मुंगी वर बघते. म्हणते, बोला, काय काम होतं? ही गप्प. मुंगी म्हणते, आम्हाला वेळ नसतो हो, आमची सकाळपाळी सुरू झालीय." मावशी थांबली. तिचं तोंड खोलीच्या दाराकडे वळलं आणि आवाज खाली आला. "मग ती दाराकडे बघते. कारण जिला हे सगळं पहिल्यांदा सांगायचं, ती कामावर गेलीय. बघते थोडा वेळ. आणि मग मुंगीला म्हणते, हरकत नाही. अकराला कळेल तिला."

नवी हसत होती. डोळे पुसायला तिने हातात येईल तो कपडा घेतला, तो दवाखान्याचा अभ्रा निघाला, तो पुन्हा धुवायला टाकावा लागला.

"बदकांचं काय झालं?" काकू म्हणाल्या. "रात्रभर माझा जीव टांगणीला आहे."

"बदकांचं सोमवारी," मावशी म्हणाली. "काल भांडी कमी होती."

मुकादमबाईंनी खिशातून चिठ्ठी काढली, सांडलेल्या चहावर ठेवली, आणि टेबल नीट, कोपऱ्यापर्यंत पुसून घेतलं.

चार वाजता सगळ्याजणी कप्प्यांपाशी आल्या. नवीने फोन घेतला आणि भिंतीला टेकून उरलेला व्हिडिओ लावला. छोटी धप्पकन बसली. डबा गडगडत गेला. सासूबाईंची चप्पल दिसली, मग छत, मग छोटीचं खळखळून हसणं. सगळे मिळून पाच सेकंद. नवीने ते तीनदा बघितले. त्यात मुंगी नव्हती, आणि दाराकडे छोटीने बघितलं की नाही ते छतामुळे कळत नव्हतं.

"मावशी," तिने फोन पुढे केला.

मावशीने डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, घडी केली आणि मान दुसरीकडे वळवली.

"मला नको दाखवू," ती म्हणाली. "त्या मुंगीशी तिचं बोलणं अजून अर्धंच झालंय."